सीलखालचा स्क्रू

ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांच्या पिशव्या उघडण्यात घालवला, त्याच्या हातांना निवृत्तीनंतर चैन कुठून पडायची? कुणी कुंड्यांत झाडं लावतं, कुणी शब्दकोडी सोडवतं. झडतीराव घरातले डबे उघडून बघत. साखरेच्या डब्यात साखरच आहे ना, दुधाच्या पिशवीला भोक तर नाही ना, वर्तमानपत्रवाल्याने पुरवणी स्वतःकडे ठेवून घेतली नाही ना. सगळं जिथल्या तिथे असलं की त्यांना बरं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडी निराशाही व्हायची.

झडतीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बेअरिंगच्या कारखान्यात ते फाटकावर जमादार होते. पाळी सुटली की कामगारांची रांग लागायची आणि रांगेच्या तोंडाशी हे उभे. डबा उघड, पिशवी उघड, हात वर. हे नाव कामगारांनी पाठीमागे ठेवलं होतं, पुढे पुढे साहेब लोकही तेच म्हणू लागले, आणि एकदा तर पगाराच्या पाकिटावर कारकुनाने सवयीने तेच लिहिलं. आजही बाजारात एखादा जुना कामगार समोरून आला की बोलता बोलता त्याचा हात आपोआप पिशवीच्या बंदाकडे जातो. झडतीरावांना त्यात गैर काही वाटत नाही. उलट पिशवीत कोबी दिसला की ते मान डोलावतात, म्हणजे जा.

त्यांच्या कामाची एक रीत होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. नवशिके पहारेकरी आधी पिशवीत बघायचे. झडतीराव आधी तोंड बघायचे. सरळ बघणाऱ्याला जाऊ द्यायचं. नजर खाली घालणाऱ्याला म्हणायचं, "बाजूला हो." आणि जो फार बोलतो, त्याची पिशवी तळापर्यंत उपसायची. हा शेवटचा नियम मात्र त्यांना उशिरा सुचला होता. एक फिटर होता, मोठा गोड बोलका. रोज यांच्या गुडघ्याची चौकशी करायचा, वहिनी कशा आहेत विचारायचा, आणि रोज सायकलीला लावायला म्हणून ग्रीसची एक छोटी डबी घेऊन जायचा. ग्रीसच्या डबीत कोण बघणार? एकदा झाकण सैल होतं म्हणून यांनी सहज बोट घातलं, तर बोटाला लागलं बेअरिंग. किती वर्षं तो माणूस ग्रीसमधून कारखाना घरी नेत होता कोण जाणे. त्या दिवसापासून झडतीरावांचा दोन गोष्टींवरचा विश्वास कायमचा उडाला, बोलक्या माणसांवरचा आणि ग्रीसवरचा.

बायको होती तेव्हा म्हणायची, "मी मेले तरी तुम्ही माझी नाडी दोनदा बघाल." तसंच झालं. डॉक्टरांनी मान हलवल्यावर यांनी त्यांना म्हटलं, "परत बघा." डॉक्टरांना वाटलं, बिचाऱ्याला धक्का बसलाय. बसला होताच. पण तपासून घेतल्याशिवाय रडायचं कसं, हेही त्यांना कळत नव्हतं.

आता घरात दोघंच, ते आणि सून. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात, महिन्यातून एकदा येऊन कपडे धुवायला टाकून जाणारा. सून इथेच एका आर्किटेक्टकडचं काम करायची. अजून न बांधलेल्या इमारतींची ती कॉम्प्युटरवर फिल्म बनवायची. दारातून आत या, जिना चढा, खिडकीतून ऊन आलंय, भिंतीला रंग लागलाय, आणि प्रत्यक्षात त्या जागी अजून नुसतं गवत. झडतीरावांना हे पहिल्यापासूनच संशयास्पद वाटत आलं होतं. नसलेली गोष्ट असल्यासारखी दाखवायची, याला त्यांच्या काळी वेगळा शब्द होता.

आणि इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. सून बाहेरून आली, बॅग खुर्चीवर ठेवून आंघोळीला गेली, की झडतीराव तिची बॅग उघडून बघत. रोज. घेत काही नसत, वाचतही काही नसत. छत्री, पाण्याची बाटली, चार्जर, रुमाल. बघायचं आणि चेन होती तशी लावून ठेवायची. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. तिच्या कॉम्प्युटरला मात्र त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. त्यातलं काही कळतच नव्हतं, आणि ज्याची झडती कशी घ्यायची हे माहीत नाही त्याच्या वाटेला ते जात नसत.

तर तो कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला. लहान मुलांच्या दवाखान्याच्या इमारतीची फिल्म चालू होती, मोठं काम. टेबलाखालचं ते काळं कपाट आधी गुणगुणायचं, मग घोंघावायचं, मग दळणाच्या चक्कीसारखं ओरडायचं, आणि मग पडदा काळा. सून कपाळाला हात लावून बसायची. आर्किटेक्टने सांगितलं होतं, सोमवारी दवाखान्याच्या मालकांची बैठक आहे, तोवर फिल्म नाही मिळाली तर यापुढचं काम दुसऱ्याला. फोनवर ती नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली, "इथलं काम गेलं तर मग मी तिकडेच येते. बाबांचं काय ते बघू."

झडतीरावांचे कान अजून शाबूत होते. बाबांचं काय ते बघू म्हणजे काय बघणार? रिकाम्या घरात चार डबे आणि आपण. आणि लगेच, सवयीने, मनात पाल चुकचुकली. हे यंत्र खरंच बंद पडतंय, की हिला जायचंच आहे आणि यंत्र हे नुसतं निमित्त?

"काय बिघडलंय नेमकं?" त्यांनी चहा पिता पिता, सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ग्राफिक्स कार्ड तापतंय, बाबा. चित्रं तेच बनवतं ना. फार तापलं की स्वतःला वाचवायला बंद होतं. नवीन घ्यावं लागणार, आणि या वेळी कूलर चांगला बघून."

"कूलर वेगळा असतो?"

"चिप बनवणारा एकच. मग निरनिराळ्या कंपन्या ती चिप घेतात आणि तिच्यावर आपापला कूलर बसवतात. पंखे, तांब्याच्या नळ्या, धातूच्या पातळ पट्ट्या. माझ्या जुन्या कार्डावर सगळ्यात साधा कूलर आहे, एकच पंखा, तोही डबीत कोंडलेला."

"म्हणजे आत माल एकच आणि वरचं टोपडं वेगळं."

"टोपड्यावरच सगळं आहे."

"टोपड्यासाठी जास्त पैसे मागतात, म्हणजे कुणीतरी कुणालातरी शेंडी लावतंय," झडतीराव म्हणाले. "मी येतो बरोबर."

सून नको म्हणाली नाही. नको म्हटलं असतं तर ते तरीही आले असते, चार पावलं मागून, हे तिला ठाऊक होतं.

कॉम्प्युटरच्या दुकानांचा तो रस्ता अरुंद होता. दोन्ही बाजूंना खोक्यांच्या थप्प्या, वर वायरींचे गुंते, आणि प्रत्येक दारात एकेक माणूस "या, बघा तर खरं" म्हणत उभा. झडतीरावांनी एकाच नजरेत सगळ्यांना संशयितांच्या रांगेत बसवून टाकलं.

पहिल्या दुकानात मालक गप्प होता. विचारलं तेवढंच सांगायचा, कधी तेवढंही नाही. त्याने एक कार्ड काढून काचेवर ठेवलं. लांबलचक, चकचकीत, पंख्यांभोवती रंगीत दिवे. झडतीरावांना माणूस आवडला. सुनेने कार्ड हातात घेतलं, मालकाने फोनचा उजेड दिला, आणि ती कडेने डोळा लावून पट्ट्यांच्या आत बघू लागली. ते बघणं पाहून झडतीरावांना क्षणभर बरं वाटलं, कारण फाटकावर तेही असंच वाकून बघायचे.

"वरून एवढं लांब दिसतंय," ती म्हणाली, "पण आतला धातू अर्ध्यातच संपलाय. पुढे नुसतं प्लॅस्टिक. आणि मेमरीच्या चिपांना कूलर टेकतच नाही. पंखा चिपला थंड करणार आणि तिच्या शेजाऱ्यांना भाजत ठेवणार." मालकाने यावर हूं की चूं केलं नाही. तिने आभार मानले आणि बाहेर पडली.

"माणूस सरळ वाटला," रस्त्यात झडतीराव म्हणाले.

"बाबा, तो काही बोललाच नाही."

"तेच म्हणतोय मी."

दुसरं दुकान वरच्या मजल्यावर होतं आणि त्याचा मालक म्हणजे उघडा नळ. यांना खुर्ची दिली, पंखा यांच्याकडे वळवला, "काका, जिना चढून दमलात, गुडघे धरतात का?" असं विचारलं. गुडघ्याचं नाव निघालं आणि झडतीरावांच्या डोळ्यांपुढे ग्रीसची डबी उभी राहिली. मागच्या बाजूला स्टुलावर एक पिकल्या मिशांचा माणूस खोक्यांना चिकटपट्ट्या लावत बसला होता. तो मात्र मान वर करत नव्हता.

सुनेने विचारलं ते सगळं मालकाने सांगितलं, आणि न विचारलेलंही सांगितलं. त्याने काढलेलं कार्ड दिसायला अगदीच ओबडधोबड होतं. काळं, जाड, तीन पंख्यांचं, एकही दिवा नाही. "दिसायला कोळसा आहे ताई, खोटं कशाला बोलू. जाड इतकं की शेजारच्या खाचांची जागा खाणार. वजनाने एका टोकाला लोंबेल, खालून टेकू द्या. पण आत तांबं आहे, पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मेमरीलासुद्धा पत्रा टेकलाय. निम्म्या वेळी पंखे फिरणारसुद्धा नाहीत. बंद पडलंय समजून फोन करू नका, थंड असलं की ते झोपतं."

सुनेने पुन्हा डोळा लावून कडेने बघितलं. बराच वेळ. मग हसली. तिला असं हसताना झडतीरावांनी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

झडतीराव मात्र खुर्चीच्या कडेला सरकले. आपल्या मालाचे दोष आपणच सांगणारा दुकानदार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. हा साधासुधा लबाड नव्हे, हे पोचलेलं प्रकरण आहे. त्यांनी सुनेला कोपराने खुणावलं, भुवया उडवल्या, खाकरले. तिने पैसे देऊन खोकं घेतलं. मालकाने काउंटरवरून वाकून काकांना गुडघ्याला कुठलं तेल लावावं तेही सांगितलं.

घरी आल्यावर कळलं की या जाड्या कार्डाला वीज देणारी वायर जुन्या कॉम्प्युटरात नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सून ती आणायला गेली आणि येताना आर्किटेक्टकडून शेवटचे नकाशेही घेऊन येणार होती. खोकं टेबलावर होतं. घरात झडतीराव एकटे.

आधी त्यांनी खोकं नुसतं उचलून पाहिलं. मग झाकण उघडून पाहिलं. मग कार्ड बाहेर काढलं, आणि तेही फक्त बघायलाच. पंखे बोटाने फिरवले. कडेने डोळा लावला. तांबं दिसत होतं, पट्ट्या होत्या, पण कडेने दिसतं ते दाखवण्यापुरतं नाही कशावरून? मग त्यांनी ते उलटं केलं, आणि मागच्या बाजूला त्यांना दिसलं की एका स्क्रूच्या डोक्यावर एक इवलंसं गोल कागदी सील चिकटवलंय. बाकीचे स्क्रू उघडे, हाच झाकलेला.

आता तुम्हीच सांगा, फाटकावर हयात गेलेल्या माणसाने काय समजायचं? लपवण्यासारखं काही नसेल तर सील कशाला?

चष्म्याची काडी घट्ट करायचा बारीक पेचकस त्यांच्याकडे होता. त्यांनी सील फोडलं, स्क्रू ओळीने वर्तमानपत्रावर मांडले आणि कूलर धरून हलवला. तो सुटेना. थोडा पिळला तेव्हा ओल्या चिखलातून बूट निघावा तसा आवाज करत तो वर आला. आत खरोखर तांबं होतं. पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत होत्या. मेमरीला पत्रा टेकलेला होता, मधे मऊ गाद्याही होत्या. दुकानदाराचा शब्द न शब्द खरा निघाला होता, आणि झडतीरावांना ते जवळजवळ पटलंच होतं. पण ऐन मध्यभागी, चिपच्या तोंडावर, करड्या रंगाचा एक लेप होता. जाडसर, चिकट, ग्रीससारखा.

ते बराच वेळ त्या लेपाकडे बघत राहिले. बोलका माणूस, गुडघ्याची चौकशी आणि ग्रीस. दुसऱ्या कुणाला हे तीन धागे कधी जुळवता आले नसते. यांना जुळवायची गरजही पडली नाही. चिपवरचा खरा नंबर खोडून वर हा लेप फासलाय, नाहीतर चिपच जुनी आहे, हे त्यांच्या मनाने ठरवूनही टाकलं. जुन्या बनियनचा तुकडा घेतला आणि चिप पुसायला बसले. इकडून पुसली, तिकडून पुसली, कूलरच्या तांब्यावरचा लेपही घासून काढला. शेवटी चिप आरशासारखी चमकली. तिच्यात त्यांना स्वतःच्या नाकाचा शेंडा दिसला. खाली काही लपवलेलं नव्हतं. बारीक अक्षरं होती, ती धड होती, कुणी खरवडलेली नव्हती.

त्यांचा जीव भांड्यात पडला. एवढंच नव्हे, वस्तू मिळाली त्याहून स्वच्छ करून ठेवल्याचं समाधानही वाटलं. सगळं होतं तसं बसवलं, स्क्रू आवळले, कार्ड खोक्यात, बनियनचा तुकडा कचऱ्यात. सून आली तेव्हा ते गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते.

तिने संध्याकाळी कार्ड बसवलं, खालून टेकू दिला, कॉम्प्युटर चालू केला. फिल्मचं काम सुरू झालं मात्र, तिन्ही पंखे एकदम किंचाळायला लागले. पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा लाल झाला. आणि पडदा काळा. तिने पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. जुनं कार्ड निदान थोडा वेळ तरी तग धरायचं. हे नवं उभंही राहीना.

ती खाली फरशीवरच बसली. रडली नाही, पण चेहरा असा झाला की रडली असती तर बरं. "परवा सोमवार," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "वापरलेलं कार्ड दिलं असेल का त्याने?"

झडतीरावांना, देवाशपथ, बरं वाटलं. आपल्या सुनेला पहिल्यांदा कुणाचातरी संशय आला होता. "मी तुला कोपराने खुणावत होतो," ते म्हणाले. "उद्या जाऊ. मी बघतो त्याच्याकडे." आपण केलेल्या पुसापुशीचा याच्याशी काही संबंध असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. स्वच्छ केल्याने कधी काही बिघडतं का?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दोघं पायरीवर हजर. बोलक्या मालकाने तक्रार ऐकली, कार्ड हातात घेतलं, मागे उलटलं, आणि त्याचं बोलणं बंद पडलं. त्याने स्क्रू काढले, कूलर उचलला, आतल्या चिपकडे पाहिलं.

"पेस्ट कुठं गेली?" त्याने विचारलं.

"कसली पेस्ट?" झडतीरावांनी विचारलं, अजून तावातच.

"चिप आणि तांबं यांच्यामध्ये लेप लागतो, काका. करडा असतो. डोळ्यांना दोन्ही गुळगुळीत दिसतात, पण मधे हवा राहते. लेप ती हवा भरून काढतो, म्हणून चिपची उष्णता कूलरपर्यंत जाते. लेपच नाही तर एवढा मोठा कूलर असून नसल्यासारखा." त्याने सुनेकडे पाहिलं. "ताई, सील फुटलंय. कुणीतरी उघडून ते पुसून काढलंय. अगदी चकाचक."

बनियनचा तो तुकडा झडतीरावांच्या डोळ्यांसमोर आला.

"माझ्या घरी नाही," सून म्हणाली. "घरात मी आणि बाबा. मी उघडलं नाही. आणि बाबा साऱ्या जगाला तपासतील, पण माझ्या कामाच्या वस्तूला आजवर त्यांनी बोट लावलेलं नाही. ते हात लावणार नाहीत. हे मी लिहून देते." तिचा आवाज चढला नव्हता. एखादी गोष्ट अंगवळणी पडलेली असते, तशा खात्रीने ती बोलत होती. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

मालकाने खांदे पाडले. "ठीक आहे. तुम्ही एवढ्या खात्रीने म्हणताय तर तुमचा शब्द मोठा. दुसरं खोकं घेऊन जा." आणि मागे वळून तो स्टुलावरच्या माणसाला म्हणाला, "मग उरलात तुम्ही. खोकी तुमच्या हाताखालून जातात. परत आलेला माल नवा म्हणून बांधलात का? खरं सांगा."

पिकल्या मिशांचा माणूस उठून उभा राहिला. चिकटपट्टीचं बंडल त्याने खाली ठेवलं. हात अंगापासून जरा लांब धरून, तळवे दिसतील असे. "मी खोकी बांधतो, मालक. उघडत नाही," तो म्हणाला, आणि सरळ मालकाच्या डोळ्यांत बघत राहिला.

झडतीरावांनी हजारो तोंडं पाहिली होती. हे तोंड त्यांना रांगेत दुरूनच ओळखू आलं असतं, आणि त्यांनी पिशवीला हातही न लावता म्हटलं असतं, जा. आता फक्त गप्प राहायचं होतं. नवं खोकं मिळत होतं, सोमवार साधत होता, सून राहणार होती, आणि सुनेचा शब्दही राहत होता. जायचा होता तो या माणसाचा शब्द. रोजंदारीवरच्या माणसाकडे शब्दाशिवाय दुसरं काय असतं, हे फाटकावरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

"मी उघडलं," झडतीराव म्हणाले. कुणाला नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, "मी उघडलं. मीच पुसलं. मला वाटलं, ग्रीसखाली काहीतरी लपवलंय."

बोलक्या मालकाने हातातला कूलर काउंटरवर ठेवला. सून त्यांच्याकडे बघत होती, आणि त्यांना एकदम वाटलं की तिने आपल्याला चार शब्द सुनवावेत. तिने नाही सुनावले. ती स्टुलाकडे वळली आणि त्या माणसाला म्हणाली, "माफ करा, दादा." मग मालकाला म्हणाली, "दुसरं नको. यालाच लेप लावून मिळेल?"

मालकाने नळीतून तांदळाच्या दाण्याएवढा लेप चिपवर काढला, पसरला, कूलर बसवला, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. सील फुटल्यामुळे पुढची हमी गेली, हेही त्याने सांगितलं, पण उगाच सांगितल्यासारखं, हळू. जाताना गुडघ्यांची चौकशी केली नाही.

फिल्म झाली. पंखे इतके हळू चालले की झडतीरावांना दोनदा वाकून बघावंसं वाटलं, पण ते खुर्चीतून उठले नाहीत. सोमवारी आर्किटेक्टचा फोन आला, मालकांना दवाखाना फार आवडला, आता शाळेच्या इमारतीचं काम आहे. सुनेने नवऱ्याला फोनवर सांगितलं, "नाही, एवढ्यात नाही येत मी. काम आहे इथे."

घरात सगळं पूर्वीसारखं चाललं होतं. वेळेवर चहा, वेळेवर जेवण, "बाबा, औषध घेतलंत का?" दुकानातल्या प्रकाराचा तिने उच्चारही केला नाही. गप्प माणसाकडे लपवलेलं काही नसतं, या नियमावर झडतीराव त्या ग्रीसच्या डबीपासून चालत आले होते. आता तिच्या गप्प राहण्याने त्यांना जेवण गोड लागेनासं झालं. त्या दिवसापासून बॅगही त्यांनी उघडली नव्हती. पण न उघडता राहिलो हे तिला कळणार कसं, हाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता.

मग एका संध्याकाळी ती बाहेरून आली. झडतीरावांनी दार उघडलं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. खांद्यावरची बॅग काढली, चेन सरकवली, दोन्ही हातांनी बॅगेचं तोंड रुंद केलं आणि त्यांच्यासमोर धरली. छत्री, बाटली, चार्जर, रुमाल.

"बघून घ्या, बाबा."

"हे काय?"

"मी आंघोळीला गेले की बघता ना रोज. मला पहिल्यापासून माहीत आहे. म्हटलं, सवय आहे, बघू देत. आता इथेच बघत जा, म्हणजे घाईने चेन लावायला नको." आवाजात राग नव्हता. दमलेल्या माणसाचा असतो तसा साधा आवाज होता. "पिशवी बघता ते माहीत होतं. कामाला हात लावणार नाही, असं मात्र मला खरंच वाटलं होतं. म्हणून बोलले मी तिथे. तुम्हाला वाचवायला नाही."

झडतीरावांनी बॅगेत पाहिलं नाही. सवयीने त्यांनी आधी तोंडाकडे पाहिलं. ती सरळ बघत होती. ज्याला जा म्हणायचं, तसा तो चेहरा होता. आणि मग खाली गेली ती त्यांची नजर. फरशीवर, तिच्या चपलांवर, उंबऱ्यावर. नजर खाली घालणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते त्यांना चांगलं माहीत होतं. सांगायला तिथे दुसरं कुणी नव्हतं. ते आपणहून बाजूला झाले.

ती आत गेली. बॅग खुर्चीवर तशीच उघडी ठेवली आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेली. न्हाणीघराचं दार लागलं, नळ सुरू झाला. झडतीराव गॅलरीत गेले आणि मागे दार ओढून घेतलं. पाण्याचा आवाज थांबेपर्यंत ते तिथेच उभे राहिले, दोन्ही हात कठड्यावर, कुणालाही दिसतील असे ठेवून.